एक वीत तांबं

डिसेंबरातल्या कुठल्यातरी सकाळी ओठ ओढल्यासारखे होतात, टाचा खरखरीत लागतात आणि मिठाच्या बरणीत चमचा घातला की मीठ सुटं सुटं पडतं. मुंबईत थंडी पडते ती एवढीच. पेपरवाले तिला गुलाबी म्हणतात. म्हणोत बापडे. मी मात्र त्या सकाळी बरणीचं झाकण लावून स्वयंपाकघरातून बाहेर येते, आणि पंचाहत्तरी ओलांडली तरी हे थांबलेलं नाही. सून म्हणते, “आई, तुम्हाला थंडी सोसत नाही.” मी हो म्हणते आणि शाल घेते.

थंडी आली की बाकीच्यांना हुरडा आठवतो, उंधियू आठवतो. मला अंधेरी पूर्वेची एक दुमजली इमारत आठवते. तिच्या तावदानांवर एकाहत्तरच्या युद्धाच्या ब्लॅकआऊटला चिकटवलेले खाकी कागद वर्ष उलटून गेलं तरी तसेच होते, कारण ते काढायचं काम कोणाचं, हे ठरत नव्हतं. ते दुष्काळाचं वर्ष. नळाला पाणी दुपारी जायचं ते जायचंच, आणि पाणी गेलं की त्याच्यावर गार राहणारा आमचा निर्वात पंप बंद ठेवावा लागायचा. मी तिथे पीएच.डी. करत होते. पार्ल्याच्या घरून सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन निघायचे. आजूबाजूच्या मुली बँकेत नाहीतर शाळेत लागल्या होत्या. मी काय करते, हे आईला शेजारणींना सांगता यायचं नाही. ती म्हणायची, “गॅसचं काहीतरी करते.”

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकर्मकठीण होतं. धातूचा एक सुटा अणू आणि ॲसिटिलिनसारखा एखादा छोटा हायड्रोकार्बन समोरासमोर आले तर काय करतात, ते बघायचं. एरवी ते दोघं इतक्या घाईने काय ते उरकतात की बघायला काही उरत नाही. म्हणून त्यांना गोठवायचं. निर्वात भांड्यात एका बाजूने लिथियमची वाफ सोडायची, दुसऱ्या बाजूने ॲसिटिलिन, आणि मध्ये द्रव नायट्रोजनने गार केलेली एक काच ठेवायची. दोघं तिच्यावर येऊन थिजायचे. मग त्या बर्फाच्या पापुद्र्यातून इन्फ्रारेड किरण जाऊ द्यायचे. जे किरण आत गिळले जातात तिथे यंत्राच्या पेनाची रेघ खाली येते, कागदावर खळगा पडतो. नुसत्या ॲसिटिलिनच्या बर्फात नसलेला असा एखादा नवा खळगा दिसला तर समजायचं, की दोघांनी एकमेकांचा हात धरला. त्या एका खळग्यासाठी माझे मार्गदर्शक सर सहा वर्षं झुरत होते आणि मी तीन.

आता ही जी काच म्हणते ती काचेची नसतेच. साधी काच इन्फ्रारेडला भिंतीसारखी. तिथे मिठाची चकती लागते. खायचं मीठ नव्हे, पोटॅशियम ब्रोमाइड, पण जात तीच. हवेत ओल असली की तिला पाझर फुटतो. सकाळी आरशासारखी असलेली चकती दुपारी मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. म्हणून आमची प्रयोगशाळा दिवाळीनंतर उघडायची आणि होळीला मिटायची. बाकीचे आठ महिने आकडेमोड, वाचन आणि चहा. मिठागरवाल्यांचा आणि आमचा हंगाम एकच, असं सर पाहुण्यांना हसून सांगायचे.

हंगाम कधी उघडायचा हे सर ठरवत नसत. ते इनासकाका ठरवायचे. इनासकाका आमचे मेकॅनिक, काच फुंकणारे आणि मिठाच्या चकत्या घासणारे. मरोळ गावठाणातले जुने ख्रिस्ती. तरुणपणी गोदीत गॅसकटिंग करत होते, मग इथे लागले आणि काच फुंकायला स्वतःच शिकले. दिवाळी झाली की ते गॅलरीच्या कठड्यावर बशीत मीठ ठेवायचे. रोज सकाळी त्यात बोट बुडवून बघायचे. बोटाला मीठ चिकटलं नाही की आत येऊन म्हणायचे, “चला, दुकान उघडा.” संस्थेत हवेची आर्द्रता मोजायचं परदेशी यंत्र होतं. सर त्याच्याकडे बघतसुद्धा नसत.

चकती घासताना त्यांना बघावं. टेबलावर बायकोच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा ताणून बसवलेला. त्यावर स्पिरिटचे दोन थेंब, आणि तीन बोटांनी चकती आठाच्या आकड्यात फिरवायची. श्वास रोखून. बोलायचं झालं तर तोंड बाजूला करून. मी एकदा जवळ वाकून “किती छान झाली” म्हटलं, तर माझ्या श्वासानेच तिच्यावर ढग आला. त्यांनी चकती ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बाय, कौतुक लांबून कर. दोन तास गेले माझे.” पुन्हा पहिल्यापासून घासायला बसले.

त्यांचे नियम होते. लिथियमच्या डब्यापाशी ओला हात न्यायचा नाय. द्रव नायट्रोजन ओतताना चप्पल घालायची नाय, बूट घालायचे. ॲसिटिलिनला तांबं दाखवायचं नाय. का, म्हणून विचारलं तर, “नाय दाखवायचं. गोदीत आमच्या पास्कू मिस्त्रीनं कानाखाली वाजवून शिकवलंन.” यापुढे स्पष्टीकरण नसायचं. मी एम.एस्सी.ला पहिली आलेली. संध्याकाळी नखं कापू नयेत, तिन्हीसांजेला केर काढू नये, त्यातलाच एक नियम म्हणून मी ते ऐकून घ्यायचे आणि मनात हसायचे. खरं तर बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ॲसिटिलिन ओळखायची जी परीक्षा असते, त्यात तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात तो गॅस सोडून लाल साका मीच पाडला होता. दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. पण परीक्षानळीतला साका आणि नळीचं तांबं यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मार्क मिळाले की माझ्यासाठी ती गोष्ट संपायची.

त्या हंगामात आम्हाला जड पाणी, ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो ते, मिळालं होतं. दोन वर्षं अर्ज, सह्या, पुन्हा अर्ज, आणि शेवटी एक छोटी कुपी. कार्बाइडवर साधं पाणी टाकलं की साधं ॲसिटिलिन निघतं, जड पाणी टाकलं की जड ॲसिटिलिन. नवा खळगा खरोखर ॲसिटिलिन-लिथियमचा असेल तर जड गॅस घेतल्यावर तो ठरल्याप्रमाणे बाजूला सरकला पाहिजे. तसा सरकला तरच पुरावा. साध्या गॅसचे प्रयोग त्याआधी चोख व्हायला हवे होते. कार्बाइडचा तो उग्र लसणासारखा वास माझ्या साड्यांना असा बसला होता की बसमध्ये शेजारची बाई सरकून बसायची.

जानेवारीत इनासकाकांच्या मुलीचं, आग्नेसचं, लग्न निघालं. उपवासाचा काळ सुरू व्हायच्या आत त्यांच्यात लग्नं उरकतात. ते सूट घालून पत्रिका द्यायला आले, आधी सरांना, मग मला. “बाय, तू यायचं. विहिरीवरून पाणी वाजतगाजत आणतात, ते तू बघितलं नसशील. नाय आलीस तर मी बोलणार नाय तुझ्याशी.” मी येते म्हटलं. आणि लग्नाच्याच शनिवारी सकाळी नायट्रोजनचा टँकर आला. तो आला की पिंपं भरून घ्यायची आणि वापरायची, नाहीतर सोमवारपर्यंत सगळं हवेत उडून जातं. मी लग्नाची साडी पिशवीत ठेवली आणि ॲप्रन चढवला.

दहाच्या सुमारास टिक असा आवाज झाला. कार्बाइडच्या फ्लास्कपासून पुढे जाणारी काचेची नळी मध्येच तडकली होती. वीतभर तुकडा, नवा फुंकून मेणाने बसवायला इनासकाकांना पाव तास पुरला असता. ते विहिरीवर बँडबाज्यासोबत होते. मी तडकलेल्या नळीकडे बघत उभी राहिले. नायट्रोजनची वाफ जमिनीवर पसरत होती, दुपारी पाणी जाणार होतं, हंगामाचे सहा आठवडे उरले होते. मागच्या खोलीत एक मोडका फ्रिज पडला होता. त्याच्या पाठीमागची नळी करवतीने कापली, दोन्ही टोकांना काळं मेण वितळवून घट्ट बसवली. पुढचं सगळं काचेचं काम ॲस्बेस्टॉसच्या दोरीने गुंडाळलेलं होतं, तसंच तिलाही गुंडाळलं. बाहेरून काही कळत नव्हतं. पंप चालू केला, गळती नव्हती. मला स्वतःचा अभिमान वाटला. हे मी अजून विसरलेले नाही, की मला अभिमान वाटला होता.

सोमवारी इनासकाका डबाभर फुगे घेऊन आले. त्यांच्या लग्नात असतात ते गोल, आत पोकळ, गोडसर. लग्नाला न आल्याबद्दल एक दिवसभर त्यांनी खरंच अबोला धरला, मग संध्याकाळी आपणच डबा पुढे केला. मी चार फुगे खाल्ले. नळीचं सांगायचं ओठावर आलं होतं. पण ते रागावले असते. “तांबं लावलंस?” म्हणून सगळ्यांसमोर झापलं असतं, सगळं उतरवलं असतं, पुन्हा निर्वात पोकळी धरायला चार दिवस गेले असते. म्हटलं, या आठवड्याचं होऊ दे. खाली भीती होती, आणि तीही मरणाची वगैरे नव्हे. बोलणी खायची भीती होती.

त्याच गुरुवारी खळगा पडला.

पेन सरळ चाललं होतं आणि एका जागी ते खाली गेलं, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं, आणि वर आलं. सरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. “पुन्हा कर,” म्हणाले. पुन्हा केलं, पुन्हा पडला. सर खुर्चीत बसले. मग स्वतः नाक्यावर जाऊन पेढे घेऊन आले. इनासकाकांनी कागद उलटासुलटा करून बघितला. “एवढंसं? याच्यासाठी सहा वर्षं?” सर हसत म्हणाले, “इनास, तुमच्या चकतीमुळे दिसलं. थोडी जरी धुरकट असती तर हा पुरून गेला असता.” त्यावर इनासकाका लाजले आणि पेढा घेऊन बाहेर गेले. महिन्याभरात जड पाण्याचेही प्रयोग झाले. खळगा जिथे सरकायला हवा तिथेच सरकला.

आता विचार करते तेव्हा त्या महिन्याची दोन चित्रं शेजारी शेजारी येतात. इकडे निर्वातात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, धातूचा एक अणू ॲसिटिलिनला भेटावा म्हणून आम्ही चातकासारखे डोळे लावून बसलेलो. आणि तिकडे दोन हातांवर, दोरीच्या गुंडाळीखाली, धातू आणि ॲसिटिलिन आपले आपण भेटतच होते. कार्बाइडचा गॅस दमट असतो, त्यात अमोनियाचा अंश असतो. तेवढं तांब्याला पुरतं. नळीच्या आत लालसर तपकिरी साय धरत होती, रोज थोडी थोडी. ती ओली असेपर्यंत गरीब असते. वाळली की तिला धक्का पुरतो, ऊब पुरते. आम्ही काय शोधत होतो ते आमच्या पाठीमागे फुकट चाललं होतं, आणि ते बघायला कोणी तिकडे वळलं नाही.

होळी झाली. बशीतलं मीठ ओलसर लागायला लागलं आणि इनासकाकांनी दुकान मिटायला घेतलं. दर वर्षी सगळ्या नळ्या उतरवून, धुऊन, पेटीत ठेवायचा त्यांचा रिवाज होता. मेणाचा सांधा सोडवायचा तर गुंडाळी तशीच ठेवून त्याला छोट्या दिव्याची ज्योत दाखवतात, मेण पाघळतं, नळी हातात येते. काचेच्या नळीला असं त्यांनी शेकडो वेळा केलं असेल. मी शेजारच्या खोलीत कागदाच्या सुरळ्यांवर नंबर घालत होते. त्या दिवशी सकाळी मला आठवण झाली होती, की ते उतरवायच्या आत सांगायला हवं. चहा पिऊन सांगते, असं मी ठरवलं होतं. चहा यायचा होता.

आवाज ऐकताच मला कळलं, असं मी म्हणणार नाही. मला वाटलं बाटली पडली. मी दारात गेले तेव्हा इनासकाका खाली बसले होते, भिंतीला टेकून, आणि उजवा हात डाव्या हातात धरला होता. तोंडावर काचेचा चुरा होता. ते ओरडत नव्हते. “बाय, तू आत येऊ नको. काचा हायत,” एवढंच म्हणाले.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. ज्यांनी चकती फिरवायचे तीच. उजवा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, सगळं, शनिवार, फ्रिज, मेण. हे मात्र मी केलं. सरांनी दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, नाहीतर मला आज इतका त्रास झाला नसता. म्हणाले, “सुमन, हे मला माहीत असायला हवं होतं. तुलाही असायला हवं होतं. आपण दोघं काय शिकलो?” आणि नंतर जे म्हणाले ते असं: समिती बसणार, संशोधक विद्यार्थिनीचं नाव आलं तर प्रयोगशाळा बंद होणार, खळग्याचा निबंध अडकणार, तुझं लग्न ठरलंय. “इनासचा हात काही परत येणार नाही. त्याला मी वाऱ्यावर सोडणार नाही. तुला विचारलं तर माहीत नाही म्हण. बस्स.” मी मान हलवली. घरी जाताना मला हलकं वाटलं. कोणीतरी मोठ्या माणसाने ठरवलं होतं ना, मग झालं.

समितीत तिघे होते. इनासकाकांना हॉस्पिटलात जाऊन विचारलं होतं. डोक्याला बँडेज, एक डोळा उघडा. ते एकच वाक्य बोलले होते, “तांबं मी लावलं नाय.” मला विचारलं, “नळी कोणी बदलली?” मी म्हटलं, “मला माहीत नाही.” पुढे कोणी काही विचारलं नाही. पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यांच्यावर पेपरवेट ठेवला गेला. काचेचं काम करणारा माणूस एकच, म्हणजे नळी त्यानेच बदलली. घरच्या लग्नकार्याच्या गडबडीत मेकॅनिककडून चुकीची नळी बसवली गेली, असं अहवालात आलं. आणि आता तो नाकबूल करतो आहे, असंही आलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. इनासकाकांची नोकरी गेली. सरांनी त्यांना रोजावर कुठेतरी वॉचमन म्हणून लावून दिलं, ते दोन महिने टिकलं. मग सर निवृत्त झाले, पुण्याला गेले, वारले.

खळगा खरा निघाला. बाहेरच्या देशांत आमच्यापेक्षा फार थंडीत, फार चांगल्या यंत्रांवर तेच प्रयोग झाले आणि खळगा तिथेच होता. तो खोटा निघाला असता तर मला बरं वाटलं असतं, असं मला कधी कधी वाटतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर ऋणनिर्देश आहे. त्यात सर आहेत, आईवडील आहेत, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, तांत्रिक साहाय्याबद्दल श्री. इनास यांचे आभार. ते मी टाइप करून घेतलं तेव्हा माझा हात अडला नाही. या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग लग्न, मुलगा, कॉलेजातली नोकरी. थंडी यायची, ओठ फुटायचे, मी व्हॅसलिन लावायचे. मरोळवरून जाणारी बस टाळून लांबच्या बसने जायचे. अशी सहा वर्षं काढली.

दशक संपत आलं होतं. एका मे महिन्यात अंधेरीच्या बाजारात एका बाईने मला हटकलं. “तुम्ही लॅबमधल्या ना? डॅडीच्या? त्याच्याकडच्या फोटोत बघितलं तुम्हाला.” आग्नेस होती. कडेवर मूल. लग्नात बघायची राहिलेली मुलगी मी पहिल्यांदा बघत होते. घरचं कसं चाललंय विचारलं तर म्हणाली, “चाललंय. डॅडी अजून तेच बोलतो. आधी लॉरेन्सकाकाला, पास्कू मिस्त्रीला सांगायचा, आता पाव आणायला जातो आणि बेकरीवाल्याला सांगत बसतो, तांबं मी लावलं नाय. पोरं चिडवतात त्याला, तांबेवाला म्हणून. मी किती वेळा सांगते, डॅडी, झालं ना आता, माझ्या लग्नाच्या घाईत झालं असेल, कोण तुला बोलतंय काय? कबूल कर आणि मोकळा हो. तर माझ्याशी दोन दोन दिवस बोलत नाय.” ती हे सहज सांगत होती, कोथिंबिरीची जुडी निवडत. मग खालच्या आवाजात म्हणाली, “माझं लग्न नसतं तर हात राहिला असता त्याचा.”

मी म्हटलं, मला तुझ्याबरोबर ने.

अंगणात खुर्ची टाकून ते बसले होते. केस पांढरे झालेले, उजवा हात बनियनमध्ये खुपसलेला. मला आवाजावरून ओळखलं. “बाय आली. बस.” मी बसले नाही. पुन्हा उभ्यानेच सांगितलं, सगळं, शनिवार, फ्रिज, मेण. आग्नेस मुलाला खाली ठेवून ऐकत होती. इनासकाका एका डोळ्याने समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. माझं संपल्यावरही बघत राहिले. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा रडतील, किंवा माफ करतील. मी तिन्हीची तयारी करून गेले होते.

ते म्हणाले, “मना कशाला सांगतेस? मना तर ठाऊकच होतं, मी लावलं नाय म्हणून.”

जगात ज्या एका माणसाला हे सांगायची काही गरज नव्हती, त्यालाच सांगायला मी धीर गोळा करून आले होते.

आग्नेसने पदराने तोंड पुसलं, बापाच्या पायाशी जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. “डॅडी,” एवढंच म्हणाली. त्यांनी डावा हात तिच्या केसांवर ठेवला, पण बघत माझ्याकडेच होते. “आज माळेला चल,” मला म्हणाले. मे महिन्यात गावठाणातले लोक रोज संध्याकाळी क्रुसापाशी जमतात, माळ जपतात. “तिथं सांग. सगळी असतात.”

सूर्य कलला होता. गल्लीच्या तोंडाशी पांढरा चुना दिलेला क्रूस, त्याला झेंडूचे हार, पायरीवर मेणबत्त्या. चाळीसेक माणसं असतील, बहुतेक बायका आणि मुलं. इनासकाका चांगला शर्ट घालून आले होते. माळ संपल्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “ही बाय काय सांगते ते ऐका.” मी सांगितलं. तांब्याची नळी मी लावली. इनासकाकांना माहीत नव्हतं. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. ते पहिल्यापासून खरं बोलत होते.

घामाने माझी पाठ भिजली होती. बायका एकमेकींकडे बघत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने आईला विचारलं, “कसली नळी?” आई म्हणाली, “गप. मना काय ठाऊक?” ती त्या स्फोटानंतरच लग्न होऊन गावात आलेली असावी.

इनासकाका एकेका चेहऱ्याकडे बघत होते, सावकाश, मान वळवून वळवून, कारण उजव्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. मग आग्नेसला विचारलं, “लॉरेन्स नाय आला?”

“डॅडी, लॉरेन्सकाका गेले ना मागच्या साली.”

“आणि बेकरीवाला?”

“तो कुठे येतो माळेला.”

“पास्कू मिस्त्री?”

आग्नेसने कपाळाला आणि छातीला हात लावून क्रुसाची खूण केली. त्यांनी पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं, मुलांकडे, नव्या सुनांकडे, आणि मग खाली पायरीवर बसले.